नेदरलँड्समधलं आइंडहोवन कसं शहर आहे? फोटोत तर अगदीच साधं दिसतं

तुम्ही लिहिलंय की शेजारच्या फेल्डहोवन गावातल्या, चिप बनवायची मशीन तयार करणाऱ्या कंपनीची ऑफर आलीय, राहणं आइंडहोवनला होईल, पण फोटोत ना कालवे ना जुनी देखणी घरं, मग या गावात आहे तरी काय. मी बरीच वर्षं इथे राहतोय, काम पण त्याच चिप मशीनच्या लाइनमध्ये आहे, आणि हे शहर मला मनापासून आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे अ‍ॅमस्टरडॅम डोक्यातून काढून टाका. ते व्यापाऱ्यांचं शहर, हे कारखान्याचं. १२३२ साली शहराचा दर्जा मिळाला खरा, पण पुढची साडेसहाशे वर्षं हे डोमेल नदीकाठचं बाजाराचं छोटं गावच राहिलं, सिगार, काडेपेट्या आणि कापड, बस. मग १८९१ मध्ये खेरार्ड फिलिप्सने वडिलांच्या पैशाच्या आधारावर इथे बल्बचा कारखाना टाकला, काही वर्षांनी धाकटा भाऊ अँटन येऊन मिळाला, आणि धंदा असा वाढला की कामाला माणसं पुरेनात, शेवटी पार उत्तरेकडच्या ड्रेंथे प्रांतातून कुटुंबंच्या कुटुंबं आणून वसवली, त्या वस्तीला आजही ड्रेंट्स डॉर्प म्हणतात. कामगारांसाठी फिलिप्सडॉर्प बांधायला घेतलं ते १९१० ला, आणि बघा, त्याच वर्षी आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. तुम्ही सांगली-पलूस बाजूचे असाल तर या शहराचा स्वभाव तुम्हाला लगेच कळेल, कारण इथेही घर कंपनीचं, मैदान कंपनीचं, अगदी पीएसव्ही हा फुटबॉल क्लबसुद्धा १९१३ मध्ये फिलिप्सच्या लोकांसाठीच निघालेला.

फोटोत शहर विस्कटलेलं का दिसतं त्याचंही कारण आहे. १९२० मध्ये वून्सेल, स्ट्राइप, स्ट्राटुम, टोंगेल्रे आणि गेस्टेल ही आजूबाजूची पाच गावं आइंडहोवनला जोडली, म्हणजे मूळ गाव लहान आणि जोडलेलं मोठं. त्यात युद्ध. डिसेंबर १९४२ मध्ये फिलिप्सचे कारखाने जर्मनांच्या उपयोगी पडतायत म्हणून ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले, १८ सप्टेंबर १९४४ ला शहर मुक्त झालं आणि दुसऱ्याच दिवशी जर्मनांनी बॉम्ब टाकले. त्यामुळे सेंटरचा बराचसा भाग युद्धानंतरचा, काँक्रीटचा आहे. सुंदर नाही म्हणणारे बरोबरच आहेत, पण का नाही हे माहीत असलं की त्याच रस्त्यांकडे बघायची नजर बदलते.

माझ्या मते खरं आइंडहोवन घडलं ते १९९० नंतर. फिलिप्सने मोठी नोकरकपात काढली, १९९३ मध्ये ट्रक बनवणारी डाफ दिवाळखोरीत गेली, आणि वर फिलिप्सने हेड ऑफिसही अ‍ॅमस्टरडॅमला हलवलं. एका कंपनीवर उभं असलेलं शहर अशा वेळी रिकामं व्हायला हवं होतं. नाही झालं, कारण कंपनी गेली तरी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या अचूकतेने काम करणारे हात आणि डोकी इथेच राहिली. चिप बनवायची मशीन तयार करणारी एएसएमएल १९८४ मध्ये फिलिप्सच्या आवारातल्या शेडमध्ये सुरू झालेली, आज सगळ्यात प्रगत चिप बनवायला लागणारी ईयूव्ही (अतिनील प्रकाशाने चिपवर नक्षी उमटवणारी) मशीन जगात फक्त तीच बनवते. चिप बनवणारी एनएक्सपी फिलिप्समधूनच निघाली. फिलिप्सचं रिसर्च कॅम्पस बाकीच्या कंपन्यांना उघडलं, तेच आजचं हाय टेक कॅम्पस. एएसएमएलला भाग पुरवणाऱ्या व्हीडीएलचा एक मोठा विभागसुद्धा पूर्वीचं फिलिप्सचंच वर्कशॉप आहे. आता २०२४ मध्ये डच सरकारने या भागासाठी अडीच अब्ज युरोंचं पॅकेज जाहीर केलं, का तर एएसएमएलने बाहेर वाढायचा विचार करू नये म्हणून, एवढं वजन आहे या प्रांतातल्या शहराला.

स्ट्राइप-एस हा फिलिप्सच्या जुन्या कारखान्यांचा परिसर नक्की बघा. फिलिप्सच्या काळात बाहेरच्या माणसाला आत प्रवेश नव्हता, लोक त्याला निषिद्ध शहर म्हणायचे. आज त्याच इमारतींत फ्लॅट, स्टुडिओ, हॉटेलं, आणि ऑक्टोबरमध्ये डच डिझाइन वीकला तर पाय ठेवायला जागा नसते. मला सगळ्यात आवडतं ते हे की त्यांनी पाडून मॉल नाही बांधला, तेच खांब, त्याच मोठ्या खिडक्या ठेवल्या. आपल्या गिरणगावाचं काय झालं ते आठवलं की इथे फिरताना वाईट वाटतं.

माणसं ब्राबांट प्रांताची, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमपेक्षा मऊ, गप्पिष्ट, निघताना हाउडू म्हणणारी. परंपरेने कॅथलिक भाग, कार्निव्हलला अख्खं शहर वेगवेगळे पोशाख घालून रस्त्यावर. शेजारी ओळख करून घेतात, फक्त न सांगता घरी जायचं नाही. आणि भारतीय इतके आहेत की भाजी-मसाल्याची चिंता नको, गणपती-दिवाळीला मराठी मंडळीही भेटतील.

अडचण एकच, घर. कंपन्या वाढल्या त्या वेगाने घरं नाही वाढली, भाडी चढलीत, आणि जुन्या आइंडहोवनकरांच्या मुलांना स्वतःच्या गावात घर मिळत नाही ही तक्रार तुम्हाला ऐकायला मिळेल, ती खरी आहे, ऐकून घ्या. ऑफर घेताना सुरुवातीच्या काही महिन्यांच्या राहण्याचं कंपनीकडून लेखी घ्या. मुलं असतील तर मेअरहोवन, गेस्टेल बघा, तिथून फेल्डहोवनला सायकलने सहज जाता येतं.