ऑफिसात ख्रिस्ती म्हणून वावरताना

जय ख्रिस्त. वयाने बराच मोठा आहे म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

तुझे प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू श्रीरामपूरकडची, आता हिंजवडीत नोकरीला. आडनाव असं की तू ख्रिस्ती असशील अशी शंकाही कुणाला येत नाही. गणपतीत आरतीला उभं राहायचं का, प्रसाद घ्यायचा का, हा दरवर्षीचा पेच. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या आईला कॅन्सर निघालाय, प्रार्थना करायला जावंसं वाटतं पण धीर होत नाही. चर्चमधल्या तरुण संघाच्या लीडरने महिन्याला पाच जणांना साक्ष द्यायची, म्हणजे येशूविषयी सांगायचं, आणि वहीत नोंद करायची असा नेम घालून दिलाय, आणि तुझी वही कोरीच आहे. वडील मात्र म्हणतात, गप राहा, नोकरी सांभाळ.

आधी वहीचं बोलू, कारण बाकीचा गुंता तिनेच वाढवलाय. माझं ऐकशील तर ती वही बंद कर. दिवसभर कंपनीत टार्गेट आणि रविवारी मंडळीतही (चर्चमध्येही) टार्गेट, हे काही खरं नाही. समोरच्याला पहिल्या दोन मिनिटांत कळतं की आपण कुणाच्या तरी यादीतली ओळ आहोत. विमा एजंट 'सहज आलो होतो' म्हणत सोफ्यावर टेकतो तेव्हा कळतं ना, तसंच. त्या लीडरची तळमळ खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण बायबलातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ३:१५ काढून सावकाश वाच. तुमच्या आशेचं कारण जो कुणी विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने, आदराने द्या, असा त्याचा आशय आहे. म्हणजे उत्तराच्या आधी कुणीतरी काहीतरी विचारलेलं असतं. ते विचारावंसं का वाटेल, इथून तुझं काम सुरू होतं.

आमच्या मंडळीत एक एसटी कंडक्टर होते, आता निवृत्त झालेत. सुट्ट्या पैशांची भानगड तुला माहीत आहे. कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो, उतरताना घ्या म्हणतो आणि माणसं विसरून उतरतात. विसरलेले पैसे मागायला सहसा कुणी परत येत नाही. हे गृहस्थ मोठा थांबा जवळ आला की गाडीत पार मागच्या बाकापर्यंत चालत जायचे, 'बाकी कुणाची राहिली, तिकिटं उलटी करून बघा' म्हणत. झोपलेल्याला हलवून उठवायचे. मी त्या गाडीने पुष्कळदा गेलोय. एकदा नेवासा फाट्याला एक म्हातारी उतरली आणि गाडी हलली. यांना तिची बाकी आठवली. डबल बेल दिलेली असताना परत दोरी ओढून गाडी थांबवली आणि खाली उतरून तिच्या हातावर सात रुपये ठेवले. ड्रायव्हर वैतागला, 'सात रुपयांपायी गाडी उभी करता?' हे म्हणाले, 'तिचे आहेत.' विषय संपला.

पुढे मुक्कामाच्या गाडीवर, कुठल्याशा खेड्यात दोघं रात्री गाडीतच पथाऱ्या टाकून पडले असताना, त्याच ड्रायव्हरने विचारलं की तुम्ही असं का वागता. तेव्हा यांनी येशूविषयी सांगितलं. दहा मिनिटं, आपल्या साध्या नगरी बोलीत. तो ड्रायव्हर काही ख्रिस्ती झाला नाही. पण त्याची मुलगी तापाने फणफणली तेव्हा पहिला फोन यांना आला, 'तुमच्या देवाला सांगा.' आता ही नोंद तुझ्या लीडरच्या वहीत कुठल्या रकान्यात करायची?

इथे एक अडचण आहे, ती लपवत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की तुमची सत्कर्मं लोकांना दिसू द्या, आणि सहाव्यात सांगतो की लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. दोन्ही एकाच डोंगरावरच्या प्रवचनात. मी स्वतःपुरती कसोटी अशी ठेवली आहे: कुणीच बघत नसतं तरी हे केलं असतं का? 'माझी साक्ष व्हावी' म्हणून ऑफिसात गोड वागायला लागलीस तर लोकांना तो गोडवा चिकट लागेल.

आता गणपती. बायबलातलं २ राजे, पाचवा अध्याय. अरामी सेनापती नामानाची कुष्ठाची गोष्ट रविवारच्या शाळेत आपण यार्देन नदीतल्या सात बुड्यांपर्यंत ऐकतो, पुढचं कुणी सांगत नाही. बरा झाल्यावर तो संदेष्टा अलीशाला म्हणतो की इथून पुढे मी दुसऱ्या कुठल्या देवाला यज्ञ करणार नाही, पण एका गोष्टीची क्षमा असावी. माझा राजा रिम्मोन देवाच्या देवळात नमन करायला जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, आणि मलाही वाकावं लागतं. नोकरीतला पेच, अगदी तुझ्यासारखा. अलीशा त्याला उपदेश करत बसत नाही. शांतीने जा, म्हणतो.

यावरून काहीही चालतं असा अर्थ काढू नकोस. नामानाचं आत पक्कं ठरलेलं होतं आणि त्याने ते तोंडाने बोलून दाखवलं होतं. तुझंही ठरलेलं असू दे. मग वर्गणी दे, मखराला हात लाव, माळा लावायला स्टुलावर चढ, पंगतीत वाढ. आरतीच्या वेळी मागे शांत उभी राहा. तोंडाने म्हणायची नसेल तर म्हणू नकोस, टाळ्यांकडे कुणी मोजून बघत नाही.

प्रसादाबाबत आपल्यातच एकमत नाही आणि होणारही नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा हे मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयीचे दोन अध्याय वाचून दोन प्रामाणिक माणसं दोन टोकांना जातात. मी घेत नाही. आमची मंडळी (घरातली, चर्चातली नव्हे) घेते, आणि शेजारणीचं मन मोडण्यापेक्षा बरं म्हणते. इतकी वर्षं एका ताटात जेवतोय, भांडण झालेलं नाही. तुझा निर्णय तूच घे. फक्त एक करू नकोस. हसत हसत मोदक घ्यायचा आणि टिश्यूत गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, हे मी पाहिलंय. तो डबा रिकामा करणाऱ्या मावशी सकाळी त्याच मूर्तीला हात जोडून कामाला लागतात. त्यापेक्षा आदल्या दिवशीच सांगून टाक: 'मी ख्रिस्ती आहे, प्रसाद घेत नाही, पण वाढायला मला बोलवा.' आपल्याकडे कुणाचा सोमवार असतो, कुणाची चतुर्थी, कुणाला कांदा-लसूण चालत नाही. खाण्याचा नेम पाळणारं माणूस आपल्या लोकांना लगेच समजतं. शिवाय या एका वाक्यात तू कोण आहेस हेही सांगून होतं, वेगळी घोषणा करायला नको.

मैत्रिणीच्या आईकडे मात्र जाच. पण प्रार्थना घेऊन नको, डबा घेऊन जा. केमोचं घर तुला ठाऊक नसेल तर सांगतो. वासाने मळमळतं म्हणून फोडणीचं काही चालत नाही. मऊ भात, मुगाचं वरण, असलं काहीतरी लागतं, आणि तेही आधी फोन करून विचारलेलं बरं. रात्री दवाखान्यात थांबणारं माणूस मिळत नाही. विम्याच्या फायलीच्या झेरॉक्स काढायला कुणाला वेळ नसतो. एक रात्र तू थांबलीस तर तुझी मैत्रीण घरी जाऊन झोपेल. हे सगळं करताना मनातल्या मनात प्रार्थना चालू असेलच, तिला परवानगी लागत नाही. मोठ्याने करायची असेल तर मात्र आधी विचार, आणि तेही त्या आजारी आईंनाच विचार, त्यांच्या मुलीला नाही. त्या नको म्हणाल्या तर दुसऱ्या दिवशी डबा त्याच वेळेला पोचला पाहिजे. हो म्हणाल्या तर चार वाक्यांत आटप. बऱ्या होतीलच असं वचन देऊ नकोस, ते तुझ्या हातात नाही. प्रार्थनेनेच रोग जातो, औषध सोडा म्हणणारा कुणी 'चंगाईवाला' तिथे घेऊन गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

त्याच नामानाच्या घरात एक कैद करून आणलेली इस्राएली पोर होती. तिने मालकिणीला एकच वाक्य सांगितलं, शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेले तर धनी बरे होतील. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी अलीशाचा चाकर गेहजी आहे, जो बऱ्या झालेल्या माणसामागे चांदी आणि कपड्यांसाठी पळत गेला. आजाऱ्याच्या घरी जाताना आपल्यात कोण चाललंय, ते उंबऱ्यावर तपासून घ्यावं.

आपल्या जिल्ह्यात हे जास्तच जपायला हवं. १८७६-७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतर नगरकडे बरीच गावं मिशनकडे वळली, आणि तेव्हापासून 'तांदळाचे ख्रिस्ती', म्हणजे पोटासाठी धर्म बदललेले, हे आपल्याला चिकटलंय. माझ्या मते ते आपल्या पणजोबांवर अन्यायाचं आहे. ज्यांना पाणवठ्यावर उभं करत नव्हते त्यांनी माणूस म्हणून वागवणाऱ्याचा हात धरला. पण संशय आजही आहे, म्हणून मदतीला अट नको, अटीचा वासही नको. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली आलं, तेव्हा दुष्काळातल्या लोकांना औषधाआधी पाणी हवं होतं. त्यांनी बोअर दलित वस्तीत पाडून घेतले, म्हणजे सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथे यावं लागलं. पुढे १९७९ साली मॅगसेसे मिळालं, जगभरातून लोक बघायला आले. मला विचारशील तर त्या हापशांची जागा ठरवणं हेच त्यांचं सगळ्यात मोठं प्रवचन होतं.

कायद्याचंही सांगतो. घटनेच्या २५ व्या कलमात धर्म मानण्या-आचरण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केलंय. तू उद्या टीम लीड झालीस तर हाताखालच्या माणसाशी या विषयावर आपणहून बोलू नकोस. त्याचं अप्रेझल तुझ्या हातात असताना त्याचं 'हो' खरं की भीतीचं, हे तुलाही कळणार नाही.

आणि वादात पडू नकोस. ना. वा. टिळकांएवढा वक्ता, कवी, कीर्तनकार आपल्यात दुसरा झाला नाही. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा. टिळकांच्या वाणीने बायकोचं मन वळलं नाही. लक्ष्मीबाईंनी आधी स्वतःच्या विचाराने सोवळं-ओवळं सोडलं, मग यथावकाश बाकीचं. टिळकांना वाट पाहावी लागली, तर तुझ्या-माझ्या व्हॉट्सॲप फॉरवर्डने काय होणार!

शेवटी वडील. त्यांची भीती पोकळ समजू नकोस. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, दलितांतून ख्रिस्ती झालेले आपण अजून बाहेरच. त्यामुळे कागदावर हिंदू आणि घरात ख्रिस्ती अशी कितीतरी कुटुंबं आहेत, आणि 'गप राहा' हे त्या पिढीने फार काही सोसून शिकलेलं आहे. तुमच्या घरचं काय आहे ते मला विचारायचं नाही. पण ऑफिसात सांगण्याआधी एकदा त्यांच्याशी बसून बोल, कारण परिणाम झालाच तर तो तुझ्या एकटीवर होणार नाही.

ते हो म्हणाले तर नाताळाला फराळाचा मोठा डबा ने. करंज्या-शंकरपाळी सगळ्यांनी दिवाळीत खाल्लेल्या असतात, तेव्हा आईला अनारसे करायला सांग. 'तुमच्यातही अनारसे करतात?' असं कुणीतरी विचारतंच.