लेख नको, मसुदा माग

चि. ...स,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नॅकच्या मूल्यांकनाआधी घाईघाईने डीस्पेस बसवलं, म्हणजे प्राध्यापकांचे लेख कोणालाही मोफत वाचता यावेत म्हणून ठेवायची कॉलेजची ऑनलाइन रिपॉझिटरी उभारली, प्राचार्यांच्या सहीचं परिपत्रक फिरवलं आणि सहा महिन्यांत लेख आले चार. त्यातले दोन तुझेच! आधी हसू आलं, मग लाज वाटली. परिपत्रकावर सही ठोकून ते शेजाऱ्याकडे सरकवणाऱ्यांत मीही होतो.

परिपत्रकं बंद कर. माणसाजवळ जाऊन बस. आणि लेख मागू नकोस, मसुदा माग. रेफरींच्या, म्हणजे लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या, दुरुस्त्या झालेला, संपादकाने स्वीकारलेला, पण छपाईची मांडणी न झालेला शेवटचा मसुदा. प्रकाशकाची देखणी पीडीएफ बहुधा चढवता येत नाही. हा मसुदा मात्र बऱ्याच नियतकालिकांना चालतो, कधी लगेच, कधी वर्ष-दोन वर्षं थांबून. कोणाचा नियम काय, ते ओपन पॉलिसी फाइंडर या संकेतस्थळावर (आधीचं शेर्पा रोमिओ) बघणं तुझं काम, प्राध्यापकांवर ढकलू नकोस. स्वीकृतीची ईमेल आली की त्याच आठवड्यात मसुदा घे. नंतर तो त्यांनाही सापडत नाही.

मलाच नाही सापडला. 2011 मध्ये रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे शिंपल्यांवर, माझा लेख आला. चार वर्षं ओहोटीच्या वेळा बघून गुडघाभर चिखलात मोजदाद केली होती. हक्क लिहून देण्याच्या कागदावर न वाचता सही केली. पुढे त्याच खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या एका बाईंचा मुलगा बीएस्सीला आला. म्हणाला, ‘सर, आमच्या खाडीवरचा लेख कुठे वाचायला मिळेल?’ मिळत होता, डॉलर मोजले तर. मसुदा होता जुन्या संगणकात, आणि तो एका जूनमध्ये वीज पडून जळला होता. मी त्या पोराला सारांश तेवढा वाचून दाखवला.

तेव्हा रिपॉझिटरी कुठे होत्या, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 2002 पासून ईप्रिंट्स नावाची रिपॉझिटरी चालू होती. पण 2010 च्या यूजीसी नियमांनी एपीआयचे, म्हणजे छापलेल्या लेखांवर बढतीसाठी मोजले जाणारे, गुण आले, माझी बढती अडकलेली, घरात दोन शिकणारी मुलं. तूही सही केली असतीस. पण मसुद्याची एक प्रत मेलवर ठेवायला कोणी अडवलं होतं?

स्टाफरूममध्ये ऐकवतील, ‘माझा प्रबंध शोधगंगेवर आहे की.’ पीएचडीच्या प्रबंधांच्या त्या ऑनलाइन संग्रहात असेल, पण त्यानंतरच्या वीस वर्षांचं लेखन कुठे आहे? ‘आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय.’ सरकारने भरलेली नियतकालिकांची ती सामायिक वर्गणी आलीय, 1 जानेवारी 2025 पासून, पण सरकारी संस्थांसाठी. तुडतुड्याने मोहोर गेलेला बागायतदार त्यात कुठे बसतो? ‘कोणी चोरेल’ म्हणणाऱ्याला सांग, चढवल्याची तारीख नोंदली जाते आणि ती साक्ष त्याच्याच बाजूची. याहून जास्त वाद घालू नकोस. समोर बसून मसुदा शोधून घे, स्वतः चढव, चहा पी, ऊठ.

आणि ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ असं पुन्हा लिहू नकोस, मी उत्तर देणार नाही. चारातले दोन तरी दुसऱ्यांनी दिले ना? त्या दोघांच्या शेजारच्या टेबलापासून सुरुवात कर.

पाऊस उघडला की स्कॅनर घेऊन घरी ये. खाडीच्या मोजणीच्या वह्या माळ्यावर आहेत. दोन वाळवीने खाल्ल्या, सात शाबूत आहेत. लेख मी देऊन बसलो, पण वह्या त्या कागदात नव्हत्या.

तुझा,
सर