ब्रेडच्या पाकिटामागची यादी: आधी मीठ कितव्या जागी आहे ते बघा

वडिलांची शुगर बॉर्डरवर आलीय, बीपीची गोळी चालू आहे, सकाळचा ब्रेड काही सुटत नाही, आणि पाकिटामागचे २८२, ४७१, ४८१ असले आकडे वाचून तुम्ही घाबरून गेलात, असं तुम्ही लिहिलंय. तिन्ही पाकिटांच्या याद्या जशाच्या तशा उतरवून दिल्यात हे फार चांगलं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचं बहुतेक उत्तर त्यांच्यातच आहे. आकड्यांकडे मी शेवटी येते. त्यांच्याआधी बघायच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत.

घटकांच्या यादीचा नियम जवळजवळ सगळीकडे सारखा आहे. जो घटक वजनाने सर्वात जास्त तो पहिला, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. तुमच्या पहिल्या पाकिटावर पुढे ठळक अक्षरात 'ब्राऊन' लिहिलंय, गव्हाच्या लोंब्यांचं चित्र आहे, आणि मागची यादी अशी आहे: मैदा, पाणी, साखर, गव्हाचा कोंडा, यीस्ट, तेल, मीठ, ग्लूटेन, सोया पीठ, मग आकडे, आणि त्यात १५०ए. हा मैद्याचाच ब्रेड आहे. वर थोडा कोंडा घातलाय आणि तपकिरी रंग कॅरॅमलचा आहे. १५० पुढे ए, बी, सी, डी यांपैकी कुठलंही अक्षर असो, तो कॅरॅमल रंगच. साखर कोंड्याच्याही आधी आलीय, तीही बघा. हे पाकीट बाजूला ठेवा.

पिठाच्या नावात मात्र थोडं बारकाईने बघावं लागतं. 'गव्हाचं पीठ' एवढंच लिहिलं असेल तर ते मैद्याचंही नाव असू शकतं, कारण मैदा गव्हाचाच असतो. 'संपूर्ण', 'होल' किंवा 'होलमील' हा शब्द पिठाच्या नावालाच जोडलेला हवा, आणि तो मागच्या यादीत हवा, पुढच्या चित्राखाली असून उपयोग नाही. 'रिफाइंड', 'अनब्लीच्ड', 'एन्रिच्ड' यांपैकी काहीही असलं तरी तो मैदाच. 'एन्रिच्ड' म्हणजे दळताना गेलेल्यांपैकी लोह आणि काही बी जीवनसत्त्वं परत मिसळलीत. ते वाईट नाही, पण चोथा (फायबर), अंकुरातलं तेल, मॅग्नेशियम यांचं नुकसान त्याने भरून निघत नाही. गव्हाच्या दाण्यात कोंडा साधारण १४ टक्के असतो, अंकुर दोन-तीन टक्के, बाकी सगळा पांढरा पिष्टाचा (स्टार्चचा) भाग. मैदा म्हणजे फक्त तो शेवटचा भाग. 'स्टोनग्राउंड' या शब्दाने तर काहीच ठरत नाही. दगडी जात्यावर दळून नंतर चाळलं तरी ते 'स्टोनग्राउंड'च राहतं.

आता शीर्षकातल्या मिठाबद्दल. ब्रेडमध्ये मीठ घालण्याचं प्रमाण ठरलेलं असतं, पिठाच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. त्याहून फार जास्त घातलं तर चव जाते आणि यीस्ट मंदावतं. फार कमी घातलं तर कणीक चिकट होते आणि ब्रेड बेचव लागतो. त्यामुळे मीठ हे यादीतलं कुंपण समजा. त्याच्या अलीकडे जे आहे ते खरोखर पोटात जातं. पलीकडे जे आहे ते शंभर ग्रॅम ब्रेडमध्ये जेमतेम ग्रॅम-सव्वा ग्रॅमच्या आत. तुमच्या तिसऱ्या पाकिटावर पुढे 'ओट्स, जवस आणि सूर्यफुलाच्या बिया' आहेत, आणि मागे हे तिन्ही मिठाच्या नंतर आलेत. तीस ग्रॅमच्या एका स्लाइसमध्ये प्रत्येकी ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याहून फारसे जास्त ते नसणार. कवचावर चार दाणे दिसावेत एवढीच त्यांची सोय. 'मल्टिग्रेन' या शब्दाचंही तसंच. धान्यं अनेक आहेत एवढंच तो सांगतो. ती किती आहेत आणि कोंड्यासकट आहेत का, यावर तो गप्प असतो.

एक पळवाट सांगून ठेवते. काही देशांत दोन टक्क्यांहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने लिहायची मुभा आहे, त्यामुळे शेपटाकडच्या क्रमावरून फार अर्थ काढू नका. यादीचा वरचा अर्धा भाग मात्र भरवशाचा. तिथे दुसरीच युक्ती चालते. साखर एकाच नावाने घातली तर ती वर चढते, म्हणून ती थोडी साखर, थोडा द्रव ग्लुकोज, थोडं डेक्स्ट्रोज, थोडा माल्टचा अर्क, थोडा मध अशी वाटून टाकतात. प्रत्येक नाव खाली जातं, बेरीज तेवढीच राहते. नावं मोजत बसण्यापेक्षा खालच्या पोषणाच्या तक्त्यातला साखरेचा आकडा बघा. शंभर ग्रॅमला तीन-चार ग्रॅमपर्यंत असेल तर काळजी नको, कारण पिठातली थोडी साखर आंबतानाही तयार होते. सात-आठच्या पुढे गेला तर तो गोडाकडे झुकलेला ब्रेड आहे.

तुम्हाला दुसऱ्या पाकिटावरच्या टक्केवारीबद्दल शंका होती: 'संपूर्ण गव्हाचं पीठ ५८ टक्के, मग बाकी ४२ टक्के मैदा का?' नाही. ही टक्केवारी अख्ख्या ब्रेडच्या वजनाची आहे, आणि ब्रेडमध्ये पाणीच ३५ ते ४० टक्के असतं. सगळं पीठ मिळून साधारण ६० ते ६५ टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे ५८ टक्के संपूर्ण पीठ हा जवळजवळ पूर्ण गव्हाचा ब्रेड झाला. तुमच्या यादीत मैदा कुठेही नाही, उरलेलं पाणी, ग्लूटेन, यीस्ट, तेल आणि मीठ आहे. उलट ३० टक्के दिसले तर निम्मं पीठ मैद्याचं आहे असं धरा. ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, वेगळं घातलंय म्हणून बिचकू नका. कोंड्याचे कण कणकेतली जाळी कापतात, ब्रेड बसका होतो, म्हणून संपूर्ण पिठाच्या ब्रेडमध्ये ते घालतात. ज्यांना ग्लूटेन चालतच नाही त्यांचा प्रश्न वेगळा, त्यांना गव्हाचा कुठलाच ब्रेड चालणार नाही.

पोषणाचा तक्ता वाचताना 'एका सर्व्हिंगला' हा रकाना सोडून द्या. एका कंपनीची सर्व्हिंग एक स्लाइस, दुसरीची दोन, आणि स्लाइसही कमी-जास्त जाड. तुलना शंभर ग्रॅमच्या रकान्यातच करायची. तिथे मी आधी चोथा बघते. मैद्याच्या ब्रेडला तो शंभर ग्रॅमला अडीच-तीन ग्रॅम असतो, पूर्ण गव्हाच्या ब्रेडला सहा-सात. आणखी नेमकं हवं असेल तर कर्बोदकांना चोथ्याने भागा. दहा किंवा त्याहून कमी आलं तर ब्रेड चांगला. ही कसोटी माझी नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये धान्याच्या पदार्थांवरची वेगवेगळी मोजमापं ताडून पाहिली, तेव्हा हीच सर्वात उपयोगी ठरली. संपूर्ण गव्हात हे प्रमाण सातच्या आसपास पडतं. तुमच्या पहिल्या पाकिटात कर्बोदकं ५० आणि चोथा ३, म्हणजे सोळाच्या पुढे. दुसऱ्यात ४३ आणि ६.५, सातच्या आत. या एका भागाकारात दोघांमधला फरक उघड होतो. चोथा भरपूर दिसला तरी यादीत इन्युलिन, ओट फायबर किंवा सेल्युलोज आहे का बघा. मैद्यात बाहेरून चोथा मिसळूनही आकडा वाढवता येतो, पण त्याने अंकुर परत येत नाही.

शुगरबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण 'गव्हाचा ब्रेड घेतला की शुगर वाढत नाही' या समजुतीवर माणसं दोनच्या जागी चार स्लाइस खातात. ग्लायसेमिक इंडेक्सच्या (पदार्थ रक्तातली शुगर किती झपाट्याने वाढवतो त्या आकड्याच्या) २००८ सालच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढऱ्या ब्रेडची सरासरी ७५ आहे आणि संपूर्ण गव्हाच्या ब्रेडची ७४. पीठ बारीक दळलं, ब्रेड मऊ-फुगीर केला, की त्यातला पिष्ट दोन्हीकडे सारख्याच वेगाने पचतो. त्याच तक्त्यात अख्खे किंवा भरडलेले दाणे असलेल्या खास ब्रेडची सरासरी ५३ च्या घरात आहे. म्हणून यादीत 'भरडलेला गहू', 'अख्खी राय' (गव्हासारखंच एक धान्य), 'दाणे' असे शब्द मिठाच्या बरेच वर दिसले, आणि स्लाइस हातात जड आणि दाट लागली, तर वडिलांसाठी ते पाकीट जास्त चांगलं. तसं मिळालं नाही तर दुसऱ्या पाकिटातल्या दोन स्लाइस घ्या आणि सोबत प्रथिनांचं काहीतरी ठेवा. चोथा, मॅग्नेशियम, दीर्घकाळचं आरोग्य यांसाठी संपूर्ण गहू उजवाच आहे. फक्त जेवणानंतरच्या शुगरसाठी स्लाइस मोजाव्याच लागतात. त्यांच्याकडे ग्लुकोमीटर असेल तर खाल्ल्यावर दोन तासांनी मोजून बघा. ते रीडिंग डॉक्टरांना दाखवा, पाकिटावरच्या कुठल्याही दाव्यापेक्षा ते कामाचं.

बीपीसाठी तर मीठच बघायचं. ब्रेड खारट लागत नाही, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही, पण तो रोज पोटात जातो. तक्त्यात बहुधा सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. पहिल्या पाकिटात शंभर ग्रॅमला ४८० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे १.२ ग्रॅम मीठ. तीस ग्रॅमच्या चार स्लाइस खाल्ल्या तर जवळजवळ दीड ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते, म्हणजे पाव हिस्सा तर नुसत्या ब्रेडमध्येच संपला. वडिलांसाठी शंभर ग्रॅमला ४०० मिलिग्रॅमच्या आत शोधा, ३५० च्या आत मिळाला तर उत्तम.

आता आकडे. ते खाण्यात वरून घालायच्या पदार्थांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत. क्रमांक आहे म्हणून पदार्थ विषारी असं होत नाही. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, कणीक घट्ट व्हायला घालतात, भाजताना ते नाहीसं होतं. २८२ कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी रोखतं. २०० आणि २०२ हेही त्याच कामाचे. ४७१, ४७२ई, ४८१, ४८२ हे इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे. ब्रेड बरेच दिवस मऊ राहतो तो यांच्यामुळे. हे सगळे कशाला लागतात, याला इतिहास आहे. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या चॉर्लीवूडच्या संशोधन केंद्रात कणीक अतिवेगाने घुसळून आंबवण्याचे तास वाचवण्याची पद्धत निघाली. तिच्यात वेळेची जागा यंत्राच्या ताकदीने आणि अशा मिश्रणांनी घेतली. ब्राझीलचे संशोधक कार्लोस मोंतेइरो यांच्या नोव्हा वर्गीकरणात, म्हणजे किती प्रक्रिया झालीय यावरून खाद्यपदार्थांचे गट पाडणाऱ्या पद्धतीत, असा पाकीटबंद ब्रेड 'अतिप्रक्रियायुक्त' गटात बसतो, तो यामुळेच. २०१५ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात ४६६ आणि ४३३ या दोन इमल्सिफायरनी आतड्यातले जीवाणू आणि आतला थर बिघडवल्याचं दिसलं. तेव्हा दोन ब्रेड बाकी सगळ्यात सारखे असतील तर कमी आकड्यांचा घ्या, मीही तोच घेते. पण आकडे नसलेला मैद्याचा ब्रेड आणि २८२ असलेला पूर्ण गव्हाचा, अशी निवड आली तर मी बिनदिक्कत दुसरा उचलेन.

एक आकडा दिसला तर मात्र पाकीट परत ठेवा: ९२४, पोटॅशियम ब्रोमेट. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते माणसांत कर्करोग घडवू शकण्याची शक्यता असलेल्या गटात टाकलं. युरोपीय संघ, ब्रिटन, कॅनडा, भारत या सगळ्यांनी त्याच्यावर बंदी घातलीय, पण सगळ्या जगात ती नाही. तसंच 'अंशतः हायड्रोजनेटेड' हे शब्द. तिथे हृदयाला घातक असं ट्रान्स फॅट असतं, आणि काही देशांत सर्व्हिंगला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तक्त्यात शून्य लिहायची परवानगी आहे. म्हणून तक्त्यातल्या शून्यावर विसंबू नका, यादीत तेल कसलं ते वाचा. तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय, तर ४७१ आणि ९२० कुठून आले हे कंपनीला विचारायला हरकत नाही. पहिला वनस्पतीच्या किंवा प्राण्याच्या चरबीतून येऊ शकतो, दुसरा पिसांपासूनही काढतात.

तुम्ही जाता जाता साअरडोबद्दल, म्हणजे विकतच्या यीस्टऐवजी नैसर्गिक आंबवणाने फुगवलेल्या ब्रेडबद्दल, विचारलंत. खऱ्या साअरडोची यादी पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण, एवढ्यात संपते. यीस्ट आणि वरून ॲसिटिक किंवा लॅक्टिक आम्ल असेल तर ती आंबट चव घातलेली आहे. आणि मैद्याचा साअरडोसुद्धा मैद्याचाच.

तर तुमच्या तिघांपैकी दुसरं पाकीट घ्या, २८२ असलं तरी. त्याचं सोडियम ३९० आहे, म्हणजे चालण्यासारखं. घरी आणल्यावर दोन दिवसांत संपेल तेवढा बाहेर ठेवा, बाकीच्या स्लाइस सुट्या करून फ्रीजरमध्ये टाका आणि लागतील तशा थेट टोस्टरमध्ये भाजा. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. तिथल्या थंडीत पिष्ट सर्वात लवकर कडक होतं, आणि ब्रेड बुरशी न येताच शिळा लागतो. फ्रीजरची सवय लागली की संरक्षक न घातलेला, तीन दिवसांत बुरशी धरणारा ब्रेडही तुम्हाला आणता येईल. पुढच्या वेळी असं एखादं पाकीट दिसलं तर त्याचीही यादी उतरवून टाका, बघू.