गुलाबी पाण्याच्या आधीचं पान

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पहिलंच स्वतंत्र क्रिमिनल अपील, तेही तलाठ्याचं, फेरफाराच्या लाचेचं. सापळा 2013 चा, शिक्षा आत्ता लागलेली. तू लिहितेस, बोटं गुलाबी झालीत, नोटा खिशात सापडल्यात, आता बोलायचं काय?

नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावतात. आरोपीची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं, बाटली सील होते, पंच सह्या करतात. कोर्टात टेबलावर ती बाटली आली की सगळ्यांचे डोळे तिच्यावर. पण ती फक्त एवढंच सांगते की या हाताचा त्या नोटांशी संबंध आला. कुणी मागितले, कशासाठी मागितले, ते तिला ठाऊक नाही.

मागणी सिद्ध झाली नसेल तर नुसत्या नोटा सापडून भागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2014 साली बी. जयराज प्रकरणात सांगितलं. डिसेंबर 2022 मध्ये नीरज दत्ता प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेच पक्कं केलं. मात्र तक्रारदार वारला किंवा फितूर झाला म्हणून खटला आपोआप पडत नाही, दुसऱ्या साक्षीदारावरून किंवा परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही मागणी सिद्ध होऊ शकते, असंही म्हटलं. सरकारी वकील नेमकं तेवढंच वाचून दाखवतील. तू पुढचा निकालही सोबत ठेव. तेच प्रकरण मार्च 2023 मध्ये दोन न्यायमूर्तींपुढे आलं आणि आरोपी नीरज दत्ता निर्दोष सुटली. नुसते पैसे मागितले एवढं पुरत नाही, ती मागणी लाचेची होती हे पुराव्यात दिसावं लागतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 20 चं गृहीतक, म्हणजे घेतलेले पैसे लाचेचेच असं धरून चालणं, त्यानंतर येतं, आधी नाही.

आता मला आजही टोचणारी गोष्ट सांगतो. अशाच एका अपिलात मी पेपर बुकातल्या, म्हणजे अपिलासाठी बांधलेल्या कागदांच्या संचातल्या, इंग्रजी भाषांतरावर विसंबून युक्तिवाद केला. पंचाच्या तोंडी वाक्य होतं, ‘पैसे आणले का?’ अपील फेटाळलं गेलं. पुढचे कागद काढताना मूळ मराठी जबानी उघडली, तर तिथे दोनच शब्द होते: ‘आणलं का?’ आणि त्याच खटल्यातल्या तक्रारदाराने उलटतपासात कबूल केलं होतं की त्या दिवशी आपल्याला वारसाचा दाखला घेऊन बोलावलं होतं. ‘पैसे’ हा शब्द भाषांतर करणाऱ्याने घातला होता, आणि तो तपासायचं काम माझं होतं. तोवर माझा अशील तुरुंगात हजर झाला होता.

म्हणून आधी मूळ रेकॉर्ड बघ. तक्रार, पडताळणी पंचनामा (सापळ्याआधी मागणी खरी आहे का ते तपासल्याचा), सापळा पंचनामा आणि पंच क्रमांक 1 ची जबानी शेजारी शेजारी मांड. चारही ठिकाणी मागणीचे शब्द काय आहेत ते स्वतःच्या हाताने, मराठीतच उतरवून काढ. तक्रारीत ‘दोन हजार लागतील’ आणि जबानीत ‘साहेबांनी खुणेने विचारलं’ असेल, तर तुझं अपील तिथे आहे. व्हॉइस रेकॉर्डर वापरला असेल तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65 ब चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र शोध. जालन्याच्या निवडणूक वादातल्या खोतकर प्रकरणात, 2020 साली, ते बंधनकारक असल्याचं ठरलंय. मंजुरी आदेशावर, म्हणजे खटला भरायला वरिष्ठांनी दिलेल्या परवानगीवर, फार जीव टाकू नकोस. त्यातल्या चुकीमुळे न्यायाची हानी झाली हे दाखवता आलं तरच उपयोग.

तुझा अशील म्हणतो पैसे शेतसाऱ्याचे होते. हे तो सापळ्याच्या जागीच म्हणाला होता की वर्षांनी, आरोपीच्या जबाबात? पंचनाम्यात त्याची ओळ आहे का? पावती पुस्तक जप्त झालं का, थकबाकी किती होती? रक्कम जुळत नसेल तर हा बचाव उलटा अंगावर येईल.

आणि चारही कागदांत एकच मागणी, एकाच शब्दांत निघाली, तर ती नाही असं सांगू नकोस. माझ्या वडिलांनी एका फेरफारासाठी दोन उन्हाळे चावडीच्या पायऱ्या झिजवल्या. पैसे मागणाऱ्याबद्दल माझ्या मनात दया नाही. तेव्हा शिक्षेवर बोल. घटना 2013 ची म्हणजे कायदा बदलण्याआधीची जुनी शिक्षा लागू: कलम 7 ला किमान 6 महिने, 13(2) ला 1 वर्ष. त्याखाली कोर्टाला जाता येत नाही.

शिक्षेला स्थगिती मागशील तशी दोषसिद्धीलाही, म्हणजे दोषी ठरवल्याच्या निर्णयालाही, मागावी असं अशिलाच्या घरचे म्हणतील, पेन्शनसाठी. 2001 च्या के. सी. सरीन निकालानंतर लाचेच्या खटल्यात ती आशा जवळजवळ नाही, हे त्यांना आजच स्पष्ट सांग.

अपील बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, यायला वर्षं जातील आणि तो आत्ताच साठीचा आहे. दर तीन महिन्यांनी त्याच्या घरी फोन करत जा. तो मध्येच गेला तर अपील संपतं, पण जवळच्या नातेवाइकाने 30 दिवसांत परवानगी मागितली तर चालू राहतं. ही मुदत त्याच्या बायकोला माहीत नसणार. तिचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

शनिवारी दुपारी घरी ये, मूळ जबानीची प्रमाणित नक्कल घेऊन.

तुझा,
सर