व्हिएतनाम स्मारकापर्यंतची मोटारसायकल यात्रा आणि निवृत्तीसाठी ठेवलेले पैसे

प्रश्न: मी ५४ वर्षांचा असून पत्नीसह कॅलिफोर्नियात राहतो. आमचे दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न १,८५,००० डॉलर आहे. मुलीच्या कॉलेजचे शेवटचे वर्ष चालू असून दरमहा साधारण १,१०० डॉलर शिल्लक पडतात. आमचे ७६ वर्षांचे शेजारी व्हिएतनाम युद्धात लढले होते आणि येत्या मे महिन्यात कॅलिफोर्नियाहून वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकापर्यंत मोटारसायकलींनी जाणाऱ्या ‘रन फॉर द वॉल’ यात्रेत मी त्यांच्यासोबत यावे, अशी त्यांची इच्छा आहे. माझी ६५० सीसीची मोटारसायकल त्यासाठी लहान वाटते. जुन्या नोकरीच्या ४०१-के खात्यातून (नोकरीतून निवृत्तीसाठी केलेल्या बचतीचे खाते) २४,००० डॉलर हातात येतील एवढी रक्कम काढून मोठी टूरिंग मोटारसायकल घ्यावी का? पत्नीला हा सगळा खर्चच अनाठायी वाटतो.

उत्तर: तुमच्या पत्रात दोन निर्णय एकमेकांत मिसळले आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय योग्य उत्तर देता येणार नाही. यात्रेला जाणे हा एक निर्णय आहे आणि नवी मोटारसायकल घेणे हा दुसरा. माझ्या मते पहिला तुम्हाला परवडणारा आहे, दुसरा नाही.

आधी मोटारसायकलचा विचार करू. वयाची साडेएकोणसाठ वर्षे पूर्ण होण्याआधी काढलेल्या रकमेवर नेहमीचा आयकर तर लागतोच, शिवाय १० टक्के केंद्रीय दंड आणि कॅलिफोर्निया राज्याचा आणखी अडीच टक्के दंडही बसतो. तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यात केंद्राचा २२ टक्के आणि राज्याचा ९.३ टक्के कर धरला, तर काढलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे जेमतेम ५६ डॉलर तुमच्या हाती उरतील. म्हणजे २४,००० डॉलरच्या मोटारसायकलसाठी खात्यातून सुमारे ४२,७०० डॉलर काढावे लागतील. हीच रक्कम वार्षिक ५ टक्के दराने वयाच्या ६७ व्या वर्षापर्यंत वाढली असती, तर ८०,००० डॉलरच्या पुढे गेली असती. कर्ज काढूनही चित्र फारसे सुधारत नाही, कारण ८ टक्के दराने पाच वर्षांसाठी दरमहा सुमारे ४८७ डॉलरचा हप्ता पडेल आणि तुमच्या मासिक शिलकीचा जवळजवळ अर्धा भाग त्यात जाईल.

मुळात या यात्रेला विशिष्ट आकाराची मोटारसायकल लागत नाही. जेम्स ग्रेगरी आणि बिल इव्हान्स या व्हिएतनाममध्ये लढलेल्या दोघांनी काही सोबत्यांसह १९८९ मध्ये तिची सुरुवात केली, ती युद्धात पडलेल्या, बंदी झालेल्या आणि बेपत्ता झालेल्या सैनिकांची आठवण जागी ठेवण्यासाठी. कॅलिफोर्नियातील ऑन्टारिओ येथून निघून सुमारे दहा दिवसांत वॉशिंग्टनच्या स्मारकापाशी पोहोचणाऱ्या या ताफ्यात सैन्यात कधीही न गेलेले लोकही असतात. तुमच्या मोटारसायकलची पूर्ण तपासणी करून घ्या, टायर बदला, वाऱ्यासाठी पुढची काच आणि लांब बसण्यासाठी बरी गादी बसवा. नंतर दोन-तीनशे मैलांच्या काही फेऱ्या करून पाठ आणि मनगटे काय सांगतात, ते पाहा.

यात्रेचा खर्च मी असा मांडला आहे. जाऊन-येऊन सहा हजार मैल धरले, तर गॅलनमागे ४० मैल आणि ४ डॉलर दराने इंधनाला ६०० डॉलर लागतील. सतरा मुक्कामांना रोजचे १३० डॉलर याप्रमाणे २,२०० डॉलर, जेवणाला ७००, तपासणी, टायर, काच आणि गादी यांना ९००, तर पावसाळी कपडे व किरकोळ साहित्याला ४०० डॉलर धरा. एकूण ४,८०० डॉलर झाले. खोली कोणासोबत वाटून घेतली, तर मुक्कामाचा खर्च बराच उतरेल. वाटेतील अनेक गावे या ताफ्याला जेवण आणि इंधन विनामूल्य देतात, परंतु अंदाजपत्रकात ते जमेस धरू नये. ते पैसे वाचले, तर तेथील माजी सैनिकांच्या कामासाठी द्यावेत, असे मला मनापासून वाटते. परतीसह कामाचे सुमारे बारा दिवस बुडतील; आठ दिवसांची पगारी रजा असेल, तर उरलेल्या चार दिवसांच्या बिनपगारी रजेपोटी, तुमचा स्वतःचा पगार १,२०,००० डॉलर गृहीत धरून, सुमारे १,८५० डॉलर आणखी मोजावे लागतील. सप्टेंबर ते एप्रिल दरमहा ८५० डॉलर वेगळ्या खात्यात टाकल्यास आपत्कालीन निधीला हात न लावता एवढी रक्कम उभी राहते.

स्वतःच्या प्रवासखर्चावर करसवलत मिळेल, असे गृहीत धरू नका. मैलामागे १४ सेंटची वजावट मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे प्रत्यक्ष काम करताना झालेल्या प्रवासापुरती असते. अशा संस्थेला दिलेल्या रोख देणगीची गोष्ट वेगळी आहे. २०२६ पासून प्रमाणित वजावट (खर्चांचा तपशील न देता मिळणारी ठरावीक वजावट) घेणाऱ्या जोडप्यालाही २,००० डॉलरपर्यंत ती वजा करता येते.

मला खरी काळजी विम्याची वाटते. मोटारसायकली एकमेकींच्या अगदी जवळून चालणाऱ्या ताफ्यात एकाची चूक अनेकांना भोवते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून किमान दायित्वाची (आपल्या चुकीने दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या भरपाईची) मर्यादा एका व्यक्तीच्या इजेसाठी १५,००० वरून ३०,००० डॉलर झाली आहे, परंतु रुग्णालयाच्या एका मोठ्या बिलापुढे तीही अपुरी आहे. दायित्वाची मर्यादा वाढवून घ्या. विमा नसलेल्या वाहनाने धडक दिल्यास मिळणारे संरक्षण आणि वैद्यकीय खर्चाचे कलम पॉलिसीत आहे का, ते तपासा. अपघाताने सहा महिने काम थांबले, तर घर कशावर चालेल, हा तुमच्या पत्नींचा प्रश्न असेल, तर तो अगदी रास्त आहे. उत्पन्न-संरक्षण विम्याची कागदपत्रे त्यांच्यासोबत बसून वाचा.

‘पुढच्या वर्षी जाऊ’ हा पर्यायही फुकटचा नाही. ते युद्ध १९७५ मध्ये संपले आणि त्यात लढलेले बहुतेक सगळे आज सत्तरीच्या पुढे आहेत. वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या, १९८२ मध्ये उभारलेल्या आणि वास्तुरचनाकार माया लिन यांनी रचलेल्या काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर युद्धात गेलेल्यांची ५८,००० हून अधिक नावे कोरलेली आहेत. आपल्या सोबत्यांपैकी कोणाचे नाव कुठे आहे, हे बोट ठेवून दाखवणारे शेजारी तुमच्याबरोबर आहेत, तोवरच या यात्रेला तुमच्यासाठी हा अर्थ आहे. रजा किंवा पैसे कमी पडले, तर काही टप्प्यांपुरते सामील होता येते. तसे झाल्यास शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून कोणत्या गावापर्यंत सोबत करायची, ते ठरवा आणि वॉशिंग्टनला विमानाने जाऊन त्यांना भिंतीपाशी भेटा.