फळ्यावरचं चित्र पुसा

प्रश्न : जालना जिल्ह्यातली आमची द्विशिक्षकी शाळा. रंगांना पैसे नाहीत. चित्रकलेच्या तासाला काय घेऊ?

गुरुजी, तास अडत नाही. काव म्हणजे गेरू, कोळसा, हळद गावातच मिळतात. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा आणि वस्त्रगाळ कावेत घोटा. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर पापुद्रे सुटतात. हे प्रमाण पोरांनाच शोधू द्या. एकदा भिजवलेल्या हळदीत चिमूटभर चुना टाकून दाखवा, पिवळ्याचा लाल होताना सगळ्यांना जवळून दिसलं पाहिजे. चुना मात्र तुम्हीच हाताळा, डोळ्यांना इजा होते. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून ती चित्रं सावलीत लावा.

अजिंठ्याच्या चित्रकारांचे रंगही असेच होते : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळ्या रंगाचा लाजवर्द दगड तेवढा परमुलखातून आला. तिथल्या भिंतींना आधी मातीचा गिलावा दिलेला आहे, त्यात भुसा आणि वनस्पतींचे तंतू. पोळ्याला पोरं काळ्या मातीचे बैल करतात आणि वाळले की ते तडकतात ना? यंदा मातीत बारीक भुसा मळा. तडे कमी जातील, आणि अजिंठा सहलीच्या आधीच हाताला कळेल.

प्रश्न : मुलगा दुसरीत. त्यानं घरापेक्षा गाय मोठी काढली, पोटातलं वासरूही दाखवलं. बाईंनी चूक दिली. मी सुधारून घेऊ का? (एक आई, लातूर)

नको, ताई. या वयाचं मूल डोळ्यांना दिसतं तेवढंच काढत नाही. त्याला जे ठाऊक आहे तेही काढतं, आणि जे महत्त्वाचं वाटतं ते मोठं काढतं. वासरू आहे हे त्याला माहीत आहे, मग ते का लपवावं? खोडरबर बाजूला ठेवा आणि विचारा, "गाय कधी विणार रे?" तो बोलत बोलत चित्रात भर घालील. नऊ-दहा वर्षांचा झाला की स्वतःच म्हणेल, "हे खऱ्यासारखं नाही दिसत." लहान-मोठं, पुढचं-मागचं तेव्हा शिकवा. आज दिलेली फुली मात्र त्याच्या लक्षात राहते, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : सातवीच्या प्रत्येक वहीत फळ्यावरचेच दोन डोंगर, मधे सूर्य, नदी, नारळ. काय करावं? (शिक्षिका, परभणी)

फळ्यावरचं चित्र पुसा. प्रत्येकाच्या हातात कापसाचं फुटलेलं बोंड द्या आणि पाच मिनिटं पेन्सिल उचलू देऊ नका. कप्पे किती, वाळलेल्या टरफलाची टोकं कुठे वळलीत, कापूस कुठून लोंबतोय, हे तोंडानं सांगू द्या. मग काढू द्या. चाळीस वह्यांत चाळीस बोंडं दिसतील.

प्रश्न : दहावीच्या वाढीव गुणांसाठी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसवावं का?

बसवा. पण स्मरणचित्रासाठी पाठ केलेल्या आकृत्या गिरवून घेऊ नका. आठवडी बाजारात तासभर बसवा, भाजी तोलणाऱ्या बाईचा खांदा कसा झुकतो ते पाहून येऊ द्या आणि घरी आल्यावर काढायला सांगा.