पाईनच्या फेन्सला पेंट की स्टेन, आणि २,२०० डॉलरच्या कोटचं काय करायचं

तुम्ही विचारलंय की मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटला घर घेतलंय, मागचं ३० मीटर लांब आणि १.८ मीटर उंच पाईनच्या फळ्यांचं फेन्स पार करडं पडलंय, एका पेंटरने २,२०० डॉलर सांगितलेत, तर ते द्यावेत का स्वतः करावं, आणि पेंट बरा की स्टेन. मेलबर्नमध्ये मी दोन घरांची फेन्सं केलीत, एक पेंटरकडून आणि एक स्वतः, आणि शेजारच्या एकदोघांनाही मदत केलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पेंट की स्टेन ते ठरवा, पैशांचं नंतर बघू, कारण एकदा पेंट लावला की परत स्टेनवर येणं फार अवघड असतं. पेंट लाकडाच्या वर पापुद्र्यासारखा बसतो, स्टेन आत मुरतो. कोकणात आमच्याकडे वाशांना काजूच्या सालींचं तेल लावायचे ते यासाठीच, ते लाकडात जिरतं, त्याचे पोपडे निघायचा प्रश्नच नाही, जुनं झालं की पुसायचं आणि परत लावायचं. फेन्सच्या फळ्या रंधा न मारलेल्या, खरखरीत असतात, खालून जमिनीची ओल लागते, हिवाळ्याच्या पावसात फुगतात आणि जानेवारीच्या म्हणजे इथल्या उन्हाळ्याच्या उन्हात आकसतात. असं सारखं हलणारं लाकूड असेल तर त्यावरचा पापुद्रा कुठेतरी फाटणारच, तिथून पाणी आत जातं आणि मग पेंटच ते पाणी आत कोंडून धरतो.

माझ्या पहिल्या घरी नेमकं हेच झालं. पेंटरने सकाळी प्रेशर वॉशरने फेन्स धुतलं आणि दुपारी त्याच ओल्या लाकडावर क्रीम रंग स्प्रे करून निघून गेला. १,६५० डॉलर दिले होते. पहिलं वर्ष फार छान दिसलं, दुसऱ्या हिवाळ्यात खालच्या वीतभर भागात फोड आले आणि तिसऱ्या वर्षी पोपडे हाताने निघायला लागले. ते खरवडण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला, मुलं बागेत खेळायची आणि मी तिथे स्क्रॅपर घेऊन, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुमच्या फेन्सवर आधीचा पेंट नसेल तर माझं स्पष्ट मत स्टेन. पेंट तिथेच जिथे आधीच पेंट आहे, किंवा अगदी पांढराच रंग हवा आहे आणि दर काही वर्षांनी खरवडायची तयारी आहे.

स्टेनमध्येही प्रकार आहेत. बिनरंगाचं तेल घेऊ नका, उन्हाला अडवायला त्यात रंगद्रव्यच नसतं, माझ्याकडे ते वर्षभरात गेलं. थोडा रंग असलेला, लाकडाच्या रेषा दिसणारा स्टेन मला दोन-तीन वर्षं पुरला. रेषा पूर्ण झाकणारा गडद स्टेन पाचेक वर्षं टिकतो, आणि करडं पडलेल्या, डागाळलेल्या फेन्सला हाच चांगला दिसतो. रंगाबद्दल एक सांगतो, हल्ली सगळ्यांना कलरबॉन्ड या रंगीत पत्र्याच्या ब्रँडमधल्या मोन्युमेंट छटेसारखा जवळजवळ काळा रंग हवा असतो. सावलीतल्या फेन्सला चालेल, पण ज्या बाजूला दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन थेट पडतं तिथे काळी फळी प्रचंड तापते, चिरते, वाकडी होते, खिळे बाहेर येतात, गाठींमधून राळ पाझरते. तिथे मधला तपकिरी नाहीतर करडा घ्या.

आता हिशोब. ३० गुणिले १.८ म्हणजे ५४ चौरस मीटर, पण फळ्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यांच्या कडा धरून मी ६२ धरतो. डब्यावर लिहिलेलं असतं की एका लिटरमध्ये १२ ते १४ चौरस मीटर होतात, ते गुळगुळीत लाकडासाठी. खरखरीत जुन्या पाईनवर पहिल्या हाताला मला लिटरला जेमतेम ६ मिळाले, लाकूड अक्षरशः पितं, दुसऱ्या हाताला ९ ते १०. म्हणजे पहिल्या हाताला १० लिटर, दुसऱ्याला साडेसहा, एकूण १७ च्या आसपास, म्हणून १० चा एक डबा आणि ४ चे दोन. मला मागच्या वेळी चांगल्या कंपनीचा १० लिटरचा डबा १९० ला आणि ४ लिटरचे प्रत्येकी ९५ ला पडले, म्हणजे ३८०. ब्रश, क्लीनर, प्लास्टिक, मास्क, हातमोजे यांचे साधारण १२० धरा. एअरलेस स्प्रेअर (दाबाने रंग फवारणारं मशीन) एक दिवस भाड्याने आणलात तर आणखी शंभरेक. म्हणजे ५०० ते ६०० डॉलर आणि तुमचे तीन वीकेंड. हा एकाच बाजूचा हिशोब आहे हं.

त्यामुळे २,२०० म्हणजे चौरस मीटरला साधारण ४० डॉलर, आणि तो महाग की स्वस्त हे कोटमध्ये काय धरलंय त्यावर आहे. एक बाजू का दोन्ही, किती हात, धुणं धरलंय का, धुतल्यावर वाळायला किती दिवस सोडणार, सैल फळ्या ठोकून देणार का, स्टेनचं नाव आणि प्रकार कोणता, जीएसटी धरून का वगळून, आणि शेजाऱ्याच्या गाडीवर रंग उडाला तर भरपाईला पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स आहे का, हे सगळं लेखी मागा. मला तीन कोट आले होते ते १,४०० पासून २,६०० पर्यंत, आणि सगळ्यात स्वस्तवाल्याच्या कागदावर वाळवण्याचा शब्दसुद्धा नव्हता. धुऊन किमान दोन-तीन दिवस वाळू देणारा आणि दोन हात देणारा माणूस असेल तर २,२०० वाजवी आहेत असं मी म्हणेन. त्याच दिवशी धुऊन त्याच दिवशी मारणारा असेल तर हजारातही नको.

शेजाऱ्याशी आधी बोला. आपल्या व्हिक्टोरिया राज्यात फेन्सेस ॲक्ट १९६८ प्रमाणे सामायिक कुंपण बांधायचा खर्च निम्मा-निम्मा असतो, पण तो साध्या, पुरेशा कुंपणापुरता, त्याहून वरचढ कोणाला हवं असेल तर वरचा खर्च त्याचा. तुमच्या आवडीच्या रंगाचे पैसे शेजाऱ्याकडून मिळतील असं धरून चालू नका. आणि नवीन वसाहत असेल तर घराच्या कागदांमधलं कव्हनंट (प्लॉटवर घातलेल्या अटी) काढून बघा, काही ठिकाणी फेन्सबद्दलसुद्धा नियम असतात.

स्वतः करायचं ठरवलंत तर सगळा जीव तयारीत ओता. फेन्सला टेकलेली झाडं मागे बांधा, खालच्या फळीला चिकटलेली माती आणि मल्च (झाडांखाली पसरलेला पालापाचोळा, भुसा) ओढून काढा, कुजलेल्या फळ्या बदला. शेवाळं आणि काळी बुरशी असेल तिथे पातळ केलेलं ब्लीच लावा, पंधरा मिनिटं ठेवा, ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा (ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळायचं नाही). करडेपणासाठी ऑक्झॅलिक ॲसिडवालं क्लीनर मिळतं, खिळ्यांचे गंजाचे डागही त्यानेच जातात. प्रेशर वॉशर वापरलात तर रुंद फवाऱ्याचं नोझल आणि फूटभर लांबून, पाईन मऊ असतं, जवळून मारलं की लाकडाचे केस उभे राहतात.

आणि हे नक्की वाचा, हिरवट झाक असलेलं ट्रीटेड पाईन (कीड-बुरशी लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं) बऱ्याचदा सीसीए असतं, म्हणजे त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असतं. २००६ पासून इथे मुलांची खेळणी, डेक, पिकनिक टेबल यांच्यासाठी ते वापरायला बंदी आहे, पण फेन्सला चालतं. घाबरायचं कारण नाही, पण पॉलिशपेपरने घासून धूळ उडवू नका, घासावंच लागलं तर पी२ मास्क (बारीक धूळ अडवणारा) आणि खाली प्लास्टिक, आणि काढलेल्या फळ्या शेगडीत किंवा बार्बेक्यूत कधीच जाळायच्या नाहीत, धूर आणि राख दोन्ही विषारी. मुलं, कुत्रा घरात ठेवा.

धुतल्यावर वाळायला उन्हाळ्यात दोन-तीन दिवस, हिवाळ्यात आठवडाही लागतो. तयार झालंय का हे कळायला फळीवर पाण्याचे थेंब टाका, मिनिटभरात जिरले तर लावा, मोत्यासारखे उभे राहिले तर थांबा. हवा १० ते ३० अंशांच्या मधली हवी, मला मार्च-एप्रिल सगळ्यात चांगले वाटतात. उन्हाच्या मागे मागे चला, म्हणजे फळी सावलीत आली की लावायची, आणि दव पडायच्या दोन तास आधी थांबायचं.

लावताना सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करा, नाहीतर अर्ध्यावर छटा बदललेली दिसते. तीन-चार फळ्या वरपासून खालपर्यंत पूर्ण करून मगच पुढच्या घ्या, मध्येच चहाला उठलात तर तिथे पट्टा पडतो. फळीची वरची कापलेली कड सगळ्यात जास्त पाणी ओढते, तिला तीन-तीनदा पाजा. स्प्रेअर वेगवान आहे, पण पश्चिमेच्या सबर्ब्समधला वारा तुम्हाला माहीतच आहे, आणि फटींमधून रंग थेट पलीकडच्या भिंतीवर जातो, त्यामुळे पलीकडे प्लास्टिक लावून, शांत सकाळी, आणि मागोमाग एकाने ब्रश फिरवत. माझी बायको ब्रश घेऊन मागे होती म्हणून आमचं एकसारखं बसलं, एकट्याने स्प्रे करूच नका.

तेलाचा स्टेन वापरलात तर तेलकट फडकी बोळा करून कचऱ्यात टाकायची नाहीत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, काडी लागत नाही. बाहेर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून ठेवा. उरलेला स्टेन नाल्यात ओतू नका, पेन्टबॅक या उरलेला रंग गोळा करणाऱ्या योजनेच्या केंद्रावर फुकट घेतात. पण लिटरभर मात्र घरात राहू द्या, आणि डब्यावर मार्करने रंगाचं नाव, कोड आणि तारीख लिहा, दोन वर्षांनी एखादी फळी बदलावी लागली की तोच डबा शोधाल.